कंपनीच्या दारात जाहा

गेली नऊ वर्षं मी अम्मानच्या एका दैनिकात दर मंगळवारी सदर लिहितो. विषय एकच: सॉफ्टवेअर कंपन्या, त्यांना लागू होणारे कायदे आणि आपले हक्क. पेशाने वकील आहे, त्यामुळे मतं भरपूर आणि त्यांच्याबद्दल शंका शून्य. माझी खाला म्हणायची, "निदालला उन्हाळ्यात घाम आला, तरी तो कोणत्या कलमाखाली आला ते सांगेल." हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या वसंतात जे घडलं त्यात मी नेमका कोण होतो हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वकील, साक्षीदार की आरोपी, तिन्ही खुर्च्यांवर थोडा थोडा वेळ बसून झालं आहे.

खाला म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, नझमिया. पण तिला नझमिया म्हणणारं आता कुणी उरलं नाही. डोंगरावरचं आमचं सगळं सल्त गाव तिला उम्म राकान, म्हणजे राकानची आई, म्हणतं, थोरल्या मुलाच्या नावाने, जसं आमच्याकडे कुठल्याही आईला म्हणतात. भाजीवाला, डॉक्टर, मशिदीचा इमाम, सगळे. फोनवर निरोपांच्या ॲपचं खातं उघडलं तेव्हा नावाच्या रकान्यात तिने तेच लिहून घेतलं. स्वतःचं नाव परक्या कंपनीला कशाला सांगायचं, ते काय मागणी घालायला आलेत, असं तिचं म्हणणं.

तिचा नवरा, अबू राकान, ट्रक चालवायचा. अकाबाच्या बंदरातून माल उचलायचा आणि थेट बगदाद. खालाला वाचायला फारसं येत नाही आणि त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून अकरा वर्षं तो तिला रस्त्यावरून बोलून निरोप पाठवत राहिला. दोन वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून रोज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, ती भात भरायचे कोवळे भोपळे कोरत बसायची आणि त्याचे निरोप ऐकायची. त्यांत काही नसायचं. "रुवैशिदला सीमेवर रांग आहे, चार तास तरी लागतील. तू काय शिजवलंस आज?" किंवा, "वारा सुटलाय, मागची खिडकी लावून घे." एकदा मी विचारलं, एवढं काय ऐकतेस त्यात? ती म्हणाली, "रांग पुढे सरकली का ते बघते."

मार्चमध्ये कॅनडातून राकानने तिला नवा फोन पाठवला. नव्या फोनने ओळखपत्र मागितलं. शेजारच्या मुलीने कार्डाचा फोटो काढून पाठवला. कार्डावर नझमिया, खात्यावर उम्म राकान. दोन नावं जुळत नाहीत त्या अर्थी खातं खोटं, असा निकाल कुठल्याशा यंत्राने तीन सेकंदांत दिला आणि खातं बंद केलं. जुना फोन उघडला तर तिथूनही बाहेर काढलेलं. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: लागू नियमांनुसार तीस दिवसांनंतर खात्यातील सर्व मजकूर कायमचा नष्ट करण्यात येईल.

खालाचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणजे ती घाबरली होती.

"निदाल, मी खोटी आहे म्हणतायत का हे लोक?"

"नाही गं खाला. त्यांना तुझं नाव कळलं नाही."

"मग सांग ना त्यांना. तू तर त्यांच्यावरच लिहितोस. तुला ओळखत असतील."

मी म्हटलं, दोन दिवसांत करून देतो. हे वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात.

पहिले सतरा दिवस मी माझ्या पद्धतीने लढलो. कंपनीकडे तीन अपिलं केली. प्रत्येक वेळी मिनिटभरात उत्तर आलं, खाली सही 'सारा'. सारा फार नम्र होती. तिला आमची गैरसोय समजत होती. तिने प्रकरण पुन्हा तपासलं होतं आणि निर्णय कायम ठेवला होता. चौथ्यांदा मी तिला सरळ विचारलं, बाई, तू माणूस आहेस का? सारा म्हणाली, तिला माझी गैरसोय समजते.

मग सरकारी कार्यालय. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, माझ्या सदराची तारीफ केली आणि सांगितलं की तक्रारी ऐकणारी समिती अजून नेमलेली नाही. तक्रारीचा फॉर्म मात्र छापून आला आहे, हवा तर घेऊन जा. मग कोर्ट. कंपनी परदेशात, म्हणजे नोटीस परराष्ट्र मंत्रालयातून जाणार. तारीख मिळाली ऑगस्टची. निरोप पुसले जाणार एप्रिलमध्ये. कंपनीचं अम्मानमधलं ऑफिस म्हणे फक्त जाहिराती विकतं, खात्यांशी त्यांचा संबंध नाही. प्रत्येकजण हात वर करत होता आणि प्रत्येकाचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं. घोडं नेमकं कुठे पेंड खातं तेच मला कळेना, आणि कळत नाही हे खालाला सांगवेना.

अठराव्या दिवशी हाजी अबू फव्वाजने मला बोलावून घेतलं. हा खालाचा थोरला दीर, वय अठ्ठ्याहत्तर, घराण्याचा कर्ता. अपघात, भांडणं, मोडलेली लग्नं, याने जाहा, म्हणजे समेटाला जाणारी वडीलधाऱ्यांची मंडळी, नेली नाही असा वाद आमच्या डोंगरावर नसेल.

"निदाल," हाजी म्हणाला, "त्या कंपनीचं घराणं कुठलं?"

"कंपनीला घराणं नसतं, हाजी. भागधारक असतात."

"किती?"

"असतील काही लाख."

"मग चांगलं मोठं घराणं आहे की. त्यांचा कर्ता कोण?"

"अमेरिकेत असतो."

"इथे कोण बसतं?"

"यझन म्हणून एक आहे. तिशीचाही नसेल. जाहिराती विकतो."

"कुठला?"

"करकचा."

हाजीने मिशीवरून हात फिरवला. "मग काम झालं. करकच्या माणसाला जाहा काय ते कळतं. उद्या जायचं."

मी हसलो. मग समजावलं. मग चिडलो. म्हटलं, हाजी, वडीलधारी मंडळी दारात नेऊन बसवायची, कॉफीचा कप पुढे ठेवायचा आणि मागणं कबूल होईस्तोवर तो ओठाला लावायचा नाही, हे खून आणि सोयरिकीत चालतं. सर्व्हरला काय त्याचं? सर्व्हर कॉफी पीत नाही.

"तुझ्या सतरा दिवसांत काय झालं?" हाजीने विचारलं.

सदरात मी अनेकदा लिहिलं आहे की टोळ्यांचा न्याय आणि आधुनिक कायदा एका घरात नांदू शकत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्याच गाडीने चौघा म्हाताऱ्यांना अम्मानच्या शमीसानी भागात घेऊन गेलो.

आम्ही सतराजण होतो. लाल चौकडीचे रुमाल, त्यावर काळ्या दोरीची इगाल, कडक इस्त्रीचे अंगरखे. काचेची इमारत, आठवा मजला. दारातल्या मुलीने प्रत्येकापुढे टॅबलेटचा पडदा धरला: नाव, ईमेल, सही. हाजीने स्वच्छ आवाजात सांगितलं, "अबू फव्वाज." पडद्याने पूर्ण नाव मागितलं. हाजी म्हणाला, "हेच पूर्ण आहे." मुलीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पडदा बाजूला ठेवून सगळ्यांना आत सोडलं. आमच्या प्रकरणात शहाणपणाने वागलेली ती पहिली व्यक्ती.

बैठकीच्या खोलीत चाकांच्या खुर्च्या होत्या. म्हातारे बसायला गेले की खुर्च्या मागे पळायच्या. शेवटी भिंतीला टेकवून सगळ्यांना बसवलं. यझन धावत आला. बारीक, चष्म्याचा, पायात पांढरे बूट. त्याने एका नजरेत सतरा रुमाल पाहिले आणि काय आहे ते तो ओळखून चुकला, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी मला म्हणाला, "उस्ताज, मी तुमचं सदर दर मंगळवारी वाचतो." मग त्याने मशीनमधून कॉफी मागवली. कंपनीचं चिन्ह छापलेल्या कागदी कपांतून ती आली.

हाजीने कप घेतला आणि काचेच्या टेबलावर ठेवला. सोळा कप त्याच्या मागोमाग खाली ठेवले गेले. त्यांत एक माझा.

"बाळ," हाजी म्हणाला, "आम्ही एका विधवेचं मागणं घेऊन आलोय. तिच्या नवऱ्याचा आवाज तुमच्या घरात अडकलाय. तिने चोरी केली नाही, खोटं बोलली नाही. तुमच्या दाराने तिला ओळखलं नाही, एवढंच. तो आवाज परत द्या. तोवर ही कॉफी आमची नाही."

यझन समजावू लागला. हे ऑफिस खाती बघत नाही. ती टीम दुसऱ्या देशात आहे. तिचीही एक वेगळी कंपनी आहे. त्याला स्वतःला कुणाचंही खातं दिसत नाही, उघडता येत नाही. तो खरं बोलत होता, मला माहीत होतं. हाजी ऐकत होता आणि कपाकडे पाहत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अबू जदूअ नावाच्या म्हाताऱ्याला साखरेचा त्रास, त्याने पाणीही नको म्हटलं. काचेपलीकडे यझनचे सहकारी येऊन उभे राहिले होते.

"तुझे वडील करकला असतात ना?" हाजीने विचारलं. धमकी नव्हती, चौकशी होती.

यझनने चष्मा काढला, पुसला, परत लावला. सतराजण त्याच्या छपराखालून कोरड्या तोंडाने उठून जाणार, हे त्याला झेपलं नसावं. तो म्हणाला, "प्या कॉफी, हाजी. ज्यासाठी आलात ते मिळालं."

"अल्लाह तुझं तोंड उजळ ठेवो," सगळे म्हणाले आणि ती थंडगार कॉफी एका घोटात प्यायले. मी घड्याळ पाहिलं, अकरा चाळीस. मला एकाच वेळी हसू येत होतं आणि अंगावर काटा आला होता. माणसाने अधिकार नसताना शब्द दिला होता, ते मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं. पण माझ्यातला वकील जागा झाला. कंपनीच्या ऑफिसात, कंपनीच्या पगारी माणसाने, सतरा जणांसमोर कबुली दिली होती. कोर्टात उभं करायला देशात कुणी सापडत नव्हतं, ते आता सापडलं होतं.

सल्तला खालाने सतरा माणसांची मकलूबा शिजवून ठेवली होती. मी तिला सांगितलं, शब्द मिळाला. तिने डोळे पुसले आणि मलाच दोनदा वाढलं.

पुढच्या मंगळवारच्या सदरात मी सगळं लिहिलं, यझनच्या नावासकट. लिहिलं की जे काम तीन अपिलांनी झालं नाही ते सतरा कपांनी केलं. शेवटी विचारलं, हा तीस दिवसांचा नियम कुठल्या दगडाने लिहिला? लेख जिकडेतिकडे पाठवला गेला. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने लिहिलं की जाहिराती विकणाऱ्या नोकराचा शब्द कंपनीला बांधत नाही. दुसऱ्याने लिहिलं, बांधतो. एकीने लिहिलं की निदाल महाशय आपल्याला शंभर वर्षं मागे नेत आहेत. एकाने लिहिलं, शंभर वर्षांपूर्वी निदान दार तरी कुठे आहे ते माहीत असायचं. मी चौघांशीही सहमत झालो, आणि असं माझं आजवर कधी झालं नव्हतं.

खातं मात्र उघडलं नाही. खाला रोज असरनंतर फोन हातात घ्यायची, शेजारच्या मुलीकडून पासवर्डचे आकडे टाकून घ्यायची आणि परत ठेवून द्यायची. तेविसावा दिवस, चोविसावा, पंचविसावा. मी यझनला फोन केले, त्याने उचलले नाहीत. मी दावा लिहायला घेतला, यझन प्रतिवादी क्रमांक एक. लिहिताना वाटत होतं, चोर सोडून संन्याशाला सुळी देतोय. पण चोराचा पत्ता कुठे होता?

अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी मी खालाकडेच होतो. दावा तिला वाचून दाखवत होतो, ती भोपळे कोरत ऐकत होती. हाजीही कोपऱ्यात टेकला होता. दारावर थाप पडली. बाहेर यझन, त्याच्यासोबत त्याचे वडील आणि दोन चुलते. करकहून सकाळी निघाले होते. यझनने या वेळी काळे बूट घातले होते.

हाजीने त्यांना आत घेतलं, खालाने स्वतः दल्ल्यातून, चोचीच्या किटलीतून, कडू कॉफी ओतली. यझनच्या वडिलांनी कप घेतला आणि खाली ठेवला. मी मनात म्हटलं, अरे देवा.

"बहिणी," वडील म्हणाले, "माझ्या मुलाने तुम्हाला शब्द दिला, तो त्याला पाळता आला नाही. त्याच्या हातात नव्हतं ते त्याने देऊ केलं. चूक त्याची. आम्ही माफी मागायला आलोय."

हाजी म्हणाला, "मागणं तिचं होतं. माफीही तिनेच द्यायची. मी मध्ये नाही."

खालाने यझनकडे पाहिलं. "तू कुणाला सांगितलंस तरी का?"

"अकरा वेळा लिहिलं, खाला. रात्री तिथे दिवस असतो म्हणून रात्री फोन केले. शेवटी उस्ताजचा लेख वर पोचला. मग त्यांनी मला लेखी ताकीद दिली, की कंपनीच्या नावाने शब्द कसा दिलास. आणि काल हे आलं." त्याने घडी केलेला कागद काढला. तो खालाला देणार होता, मग थांबला आणि माझ्याकडे दिला. "उस्ताज, तुम्ही वाचा." माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी वाचलं. कंपनी लिहीत होती की ती प्रत्येक देशाच्या कायद्याचा आदर करते. जॉर्डनपुरता हा तीस दिवसांचा नियम तिचा नाही, आमचाच आहे. माहितीच्या कायद्यातलं कलम बावीस: बंद झालेल्या खात्यातली सर्व माहिती कंपनीने विनाविलंब आणि कमाल तीस दिवसांत नष्ट करावी, आणि कोणत्याही कारणाने ती राखून ठेवू नये. इतर देशांत कंपनी खाती दोन वर्षं तशीच ठेवते, असंही पुढे लिहिलं होतं. अगदी सहज, माहितीसाठी.

'कोणत्याही कारणाने ती राखून ठेवू नये.' ते माझं वाक्य होतं. तीस हा आकडा नंतर कुणीतरी घातला, पण वाक्य माझं. तीन वर्षांपूर्वी चार मंगळवार मी त्यासाठी लढलो होतो आणि मसुदा करणाऱ्या समितीने ते स्वल्पविरामासकट उचललं होतं. ते कात्रण चौकटीत घालून माझ्या ऑफिसात लावलेलं आहे. कायदा झाला तेव्हा मी पुस्तिका उघडून फक्त माझं वाक्य आहे ना एवढं पाहिलं होतं, पुढचा-मागचा मजकूर वाचलाच नव्हता. आणि आठ दिवसांपूर्वी मीच विचारलं होतं, कुठल्या दगडाने लिहिला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? यझन दर मंगळवारी माझं सदर वाचतो. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

"काय लिहिलंय?" खालाने विचारलं.

"नाही म्हणतायत," मी म्हणालो.

"का पण?"

"नियम आहे म्हणे."

"हा नियम आहे तरी कुणाचा?" तिने यझनला विचारलं. कंपनीचा माणूस तो, त्यालाच माहीत असणार.

यझनने मान वर केली. माझ्याकडे एकदा पाहिलं, फार तर दोन सेकंद. मग म्हणाला, "कायदा आहे, खाला. तो कुणा एकाचा नसतो."

मी तिच्याकडे झुकून हळूच म्हटलं, "खाला, माफ केलंस म्हणून सांगू नकोस. एवढा एकच धागा आपल्या हातात आहे. तू सोडलंस तर दावा उभाच राहणार नाही." हे मी खरंच म्हटलं. कशासाठी, ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. दावा वाचवत होतो, की दोष यझनच्याच अंगावर राहावा म्हणून धडपडत होतो? दोन्ही असेल.

खालाने ऐकून घेतलं. मग हात पुसले आणि यझनच्या वडिलांना म्हणाली, "प्या कॉफी. तुमच्या मुलावर माझा काही राग नाही."

ते प्यायले. वडिलांनी घाईने कप रिकामा केला, थोडी अंगरख्यावर सांडली. यझन उठून खालाच्या डोक्याचं चुंबन घ्यायला वाकला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "इतक्या जणांनी मला नाही म्हटलं रे. कुणी कागदातून म्हटलं, कुणी यंत्रातून. दारात येऊन नाही म्हणणारा तू एकटाच." जेवायला थांबा म्हणून तिने आग्रह केला, पण त्यांना अंधार पडायच्या आत करक गाठायचं होतं. हाजी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला आणि तिथूनच घरी निघाला.

आम्ही दोघं उरलो. चुलीवर आधी भरून ठेवलेले भोपळे रटरटत होते, वास सगळ्या घरात होता. खाला परत तिच्या जागी बसली.

"चांगला मुलगा आहे," ती म्हणाली. "नियम लिहिणारा कशाला येतोय माझ्या दारात. त्याला काय माहीत, मी कोण."

मला वाटलं होतं की मी गप्प राहू शकेन. यझनने झाकलं होतं, मीही झाकून ठेवू शकलो असतो, तिला कधीच कळलं नसतं.

"खाला, ते मी लिहिलंय."

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. कलम, समिती, चार मंगळवार. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू? का?"

मी तिला हनीनबद्दल सांगितलं. झर्काची मुलगी, साखरपुडा मोडलेली. तिने खातं बंद केलं तरी कंपनीने तिचे फोटो ठेवून घेतले आणि दोन वर्षं जाहिरातींत वापरले. ती रडत माझ्या ऑफिसात आली होती. तिच्यासाठी मी ते वाक्य लिहिलं होतं, की ठेवायचंच नाही, कुठल्याही कारणाने नाही. बोलताना मला ते वाक्य अजूनही बरोबर वाटत होतं, आणि समोर खाला बसली होती, आणि तीही बरोबर होती. दोन्ही एकदम डोक्यात मावेनात. मला फार लाज वाटत होती आणि तरी मी मुद्दे मांडत होतो.

"त्या मुलीचं काम झालं?" खालाने विचारलं.

"झालं. सगळे फोटो गेले."

"मग बरं झालं." ती खरंच म्हणाली, मनापासून. मग विचारलं, "लिहिताना कुणाला विचारलं होतंस?"

"कुणाला म्हणजे?"

"म्हणजे मला. कुठल्याही बाईला. की बाई, तुझं काय काय आहे तिथे?"

"नाही."

ती उठली. चुलीपाशी गेली, आच मंद केली, झाकण काढून पाहिलं, परत ठेवलं. माझ्याकडे पाठ होती. ती रडते आहे असं मला वाटलं, पण वळली तेव्हा डोळे कोरडे होते.

"निदाल," ती म्हणाली, "आज तू घरी जा."

"खाला..."

"मी रागावले नाही. पण आज नको. आणखी दोन दिवस आहेत ना? ते जाऊ देत. मग मी बोलावीन."

मी दाव्याचे कागद गोळा केले, बूट घातले. तिने मला थांब म्हटलं नाही. आई गेल्यापासून तेहतीस वर्षं मी त्या घरात येतो आहे. तिथून न जेवता निघालो तो त्या दिवशी पहिल्यांदा.